क्लच सोडताना

“क्लच सोडताना कुणाशी बोलायचं नाही,” अजरा एकदा म्हणाली होती.

म्हणाली होती नवऱ्यालाच. दुबईत, जबल अलीच्या गोदामांमागचा सरळ, रिकामा रस्ता. शुक्रवारची सकाळ. कंपन्यांच्या बसेस ओळीनं झोपलेल्या. तिचं लायसन्स नुकतंच हातात आलेलं आणि शेजारी बसलेल्या हमदुल्लाचं तोंड थांबत नव्हतं. आता दुसरा टाक, आता सोड, आरशात बघ, अगं हळू, ही काय तुमच्या स्कूलची गाडी नव्हे. अजरानं गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि समोरच्या काचेकडे बघत ते एक वाक्य उच्चारलं. परत येईपर्यंत हमदुल्ला खरोखरच गप्प बसला. नंतर मात्र त्यानं त्या वाक्याची गोष्ट केली आणि करामातल्या चहाच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं चालवली. बायको मला माझ्याच गाडीत बोलू देत नाही, असं म्हणून तो हात जोडायचा आणि टेबल हसायचं.

गाडी लाल होती. दोन दारांची, लांब नाकाची, मागून रुंद. शेव्हरले लुमिना. पण ते तिचं इथलं नाव. बनलेली ती ऑस्ट्रेलियात. तिकडं तिला मोनारो म्हणत आणि तिचं स्टिअरिंग उजव्या बाजूला असे, रत्नागिरीतल्या गाड्यांसारखं. आखातात यायच्या गाड्यांना कारखान्यातच स्टिअरिंग डावीकडे बसवत, वेगळं नाव लावत आणि जहाजात चढवत. हमदुल्ला तेव्हा जबल अली बंदरात होता. जहाजातून उतरणाऱ्या नव्या गाड्या चालवत नेऊन यार्डात रांगेत लावायच्या, हे त्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसायचं, सीटवरचं प्लास्टिकही फाटू द्यायचं नाही, आणि संध्याकाळी बसनं घरी यायचं.

एका दुपारी जहाजाच्या पोटात, अंधारात, त्यानं ही गाडी सुरू केली. आठ सिलिंडरचा तो आवाज लोखंडी भिंतींवर आपटला आणि त्याच्या छातीत परत आला. त्याला वाटलं, जहाजच सुरू झालं. उतरणीवरून तो उन्हात आला तेव्हा मुद्दाम हळू चालवत होता, यार्ड लांबावं म्हणून. मागून मुकादम ओरडला, यल्ला यल्ला, चल लवकर. त्या तेवढ्या प्रवासाबद्दल हमदुल्ला अजून बोलायचा, हरवलेल्या सामानाबद्दल माणसं बोलतात तसं.

काही वर्षांनी तशीच एक वापरलेली लुमिना विकायला निघाली. तिच्यासाठी लोन हवं होतं, आणि हमदुल्लाची कंपनी बँकेच्या यादीत नव्हती. अजरा तेव्हा एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. क्लिनिक यादीत होतं. म्हणून लोन तिच्या नावावर झालं आणि मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, तेही तिच्याच नावाचं आलं. नाव तुझं काय आणि माझं काय, असं म्हणून हमदुल्लानं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. त्यात त्याला वावगं काहीच वाटलं नाही. या देशात निम्म्या माणसांचा संसार असाच चालतो. दुकान एकाच्या नावावर, गल्ल्यावर दुसराच. फ्लॅट एकाच्या नावावर, झोपतात पाचजण. लोन फिटलं तरी नाव बदलून घ्यावं असं त्याला कधी सुचलं नाही. दर वर्षी पासिंगला अजराचं कार्ड न्यायचं, गाडी तपासून आणायची, खलास.

अजरा रत्नागिरीजवळच्या साखरतरची. वडिलांची होडी होती, भावांना सायकल होती, तिला दोन्हींवर बसायची मुभा होती, चालवायची नव्हती. लग्न करून ती करामातल्या जुन्या ठेंगण्या इमारतीत आली आणि पहिली दोन वर्षं तिनं दुबई खिडकीतून आणि बसमधून पाहिली. गाडी दारात उभी राहिल्यावर एक दिवस तिनं सांगितलं की मी लायसन्स काढणार. हमदुल्लाला आनंद झाला. त्यानं सल्लाही दिला, ऑटोमॅटिकचं काढ, सगळ्या बायका तेच काढतात, लवकर मिळतं. या देशात लायसन्सवर लिहिलेलं असतं, ऑटोमॅटिक की मॅन्युअल. ऑटोमॅटिकवाल्यानं गिअरची गाडी चालवायची नाही.

अजरानं मॅन्युअलचं घेतलं, कारण लाल गाडी गिअरची होती. हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

ती नापास होत राहिली. कधी परीक्षकाला तिचं वळण आवडलं नाही, कधी तिनं खांद्यावरून मागं पाहिलं नाही म्हणे, कधी चौकात गाडी बंद पडली. प्रत्येक वेळी नवे क्लास, नवी तारीख. क्लिनिकच्या आधी, पहाटेच्या पहिल्या बॅचला ती जायची. शेजारणी आधी धीर देत होत्या, मग विचारायच्या थांबल्या. हमदुल्लानं एकदा सांगून पाहिलं की नशिबात नाही, सोड आता. अजरानं डबा भरता भरता मान हलवली आणि पुढच्या तारखेसाठी नाव दिलं. पास झाली त्या दिवशी तिनं घरी येऊन आधी भात लावला आणि मग सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जबल अलीचा तो रस्ता आणि ते वाक्य.

पुढं तिनं क्लिनिक सोडलं आणि त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या लेडीज सेक्शनला इन्स्ट्रक्टर म्हणून लागली. सुरतच्या, मनिलाच्या, कैरोच्या बायका तिच्या शेजारी घाबरून बसत आणि तिच्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर विश्वास ठेवून रस्त्यावर येत. त्या ब्रेकची सवय तिच्या पायात उतरली. हमदुल्ला चालवत असला की ती शेजारी बसून रिकाम्या जमिनीवर पाय दाबायची. त्याला राग यायचा. एकदा मुलगी झारा, तेव्हा शाळकरी, मागच्या सीटवरून म्हणाली, “अब्बा, शी इज ड्रायव्हिंग. यू आर जस्ट होल्डिंग द व्हील.” हमदुल्लानं हीही गोष्ट टेबलावर नेली, पण ती तितकी चालली नाही.

मग त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालणं जमलं, पण लुमिनाचा क्लच जड. सिग्नलला दोनदा दाबला की मांडीपर्यंत कळ जायची. त्यानं स्वतःसाठी एक छोटी जपानी ऑटोमॅटिक घेतली आणि लुमिनाबद्दल जास्त बोलू लागला. संध्याकाळी फोनवर तो ऑस्ट्रेलियातल्या त्या कारखान्याचे व्हिडिओ बघायचा. शेवटची गाडी बाहेर येते, कामगार तिच्या टपावर हात ठेवतात, मग गेट बंद. आता तिकडं अशी गाडी बनतच नाही, बनवणारेच राहिले नाहीत, असं तो सांगायचा. त्याच्या जुन्या ओळखीचा सुदेश, मूळचा देवगडचा, जबल अलीला एका गोदामात सुपरवायझर, चहात बिस्कीट बुडवत ऐकायचा. एकदा तो म्हणाला, “हमदूभाई, गाडी भाभींच्या नावावर, चालवतात भाभी, आणि दमता तुम्ही.” टेबल हसलं. हमदुल्लाही हसला. अख्खा करामा मानत होता की त्याचा जीव त्या गाडीत अडकला आहे, आणि त्यालाही ते मान्य होतं.

अजरा शुक्रवारी गाडी बाहेर काढायची. पहाटे फजरची नमाज झाली की निघायची, शारजा ओलांडून, धैदच्या पुढं, मसाफीच्या डोंगरातून फुजैराला. कारण मासळी. फुजैराचा मासळीबाजार, तिथली सुरमई, तिथली शेरी. पुढं सरकारनं सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि तिची फेरी रविवारी होऊ लागली, तरी घरात तिला शुक्रवारच म्हणत. ती एकटीच जायची. सुरुवातीला हमदुल्ला सोबत गेला होता. डोंगरात शिरल्यावर तिनं काचा खाली केल्या, एसी बंद केला आणि एक गिअर खाली घेतला. तो आवाज दोन्ही बाजूंच्या उघड्या दगडांवर आपटून परत आला, अगदी जहाजात आला होता तसा. हमदुल्लाचे डोळे भरले आणि त्यानं लगेच जहाजाची गोष्ट सुरू केली. अजरानं पुढच्या वळणाकडे बघत गिअर बदलला. पुढच्या खेपेला गुडघा दुखतोय म्हणून तो घरी राहिला, आणि मग तसंच पडत गेलं.

एकदा तिला महामार्गावर पोलिसानं थांबवलं होतं. खिडकीशी आला, आत पाहिलं. हिजाब बांधलेली, चष्मा लावलेली बाई आणि पुढं ते इंजिन. तो हसला, तळहातानं हवा दाबल्यासारखी केली आणि श्वै श्वै म्हणाला, म्हणजे हळू हळू. हे अजरानं घरी सांगितलं होतं, एवढंच. पुढं टेबलावर ते हमदुल्लानं सांगितलं, आणि सांगता सांगता त्या गाडीत तोही बसलेला होता.

या वर्षी त्यानं ठरवलं की परतायचं. साखरतरला घर बांधून तयार होतं, वरच्या मजल्यावरून खाडी दिसत होती. झारा नोकरीला लागून अल बर्शाला राहायला गेली होती. अजरालाही स्कूलनं सांगितलं होतं की मॅन्युअलच्या गाड्या कमी करतोय, शिकायला येतंच कोण. ती अजून जात होती, उरलेल्या दोन गाड्यांवर, पण हमदुल्लाच्या हिशेबी ते संपल्यातच जमा होतं. सगळ्यात आधी लुमिना. ती भारतात नेता येणार नव्हती. स्टिअरिंग डावीकडे, गाडी जुनी, बंदरावर उतरूच देणार नाहीत. विकली की अर्धं निघाल्यासारखं होईल, असं तो जेवताना म्हणाला.

“आणि मी शुक्रवारी कुठं जायचं?” अजरानं विचारलं.

“साखरतरला रोजच शुक्रवार,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मासळी तर दारात येईल.

तिनं पुढं काही विचारलं नाही. हमदुल्लानं त्याचा अर्थ होकार असा लावला. झाराला फोनवर सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, “अब्बा, डिड यू इव्हन आस्क हर?” तो म्हणाला, विचारलं की. आणि तुझ्या अम्मीला त्या गाडीचं काय, जीव तर माझा जातोय.

गिऱ्हाईक मिळालं ते चांगलं मिळालं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नीरव करामातच वाढलेला, आता मोठ्या बँकेत होता. लहानपणी शाळेच्या बसमधून तो ही लाल गाडी बघायचा. भाव करण्यात त्यानं वेळ घातला नाही. दोन संध्याकाळी येऊन तो हमदुल्लाच्या समोर मांडी घालून बसला आणि जहाजाची गोष्ट त्यानं पुन्हा पुन्हा ऐकली. मसाफीची ऐकली. पोलिसाची ऐकली. अजरा चहा देऊन आत गेली. आंटी, थँक यू, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी अजरा आणि हमदुल्ला लुमिनातून तपासणी केंद्राकडे निघाले. अर्थात ती चालवत होती. हमदुल्लाच्या मांडीवर फाईल होती. आज बोलायलाच हवं असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला की वीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, वस्तूलाही माया लागते. मग त्यानं विचारलं, “तुला काही वाटतंय का?”

“सिग्नल पिवळा आहे,” अजरा म्हणाली आणि थांबली.

लाल झाला. हिरवा झाला. तिनं क्लच सोडला, आणि गाडी कुठल्याही धक्क्याशिवाय, पाण्यावरून सरकावी तशी निघाली. हमदुल्ला गप्प बसला. का बसला ते त्यालाही कळलं नाही.

केंद्रावर नीरव आधीच आला होता, हातात खजुराचा डबा घेऊन. तपासणीच्या रांगेत गाडी गेली. तिचा पत्रा, तिचे ब्रेक, तिचा धूर सगळं बघून झालं. पास. हमदुल्लानं अल्हमदुलिल्ला म्हटलं, पुढं होऊन किल्ली उचलली आणि नीरवच्या हातात ठेवली. असे क्षण हातानं द्यावेत, असं त्याला वाटत आलं होतं. नीरवनं ती दोन्ही हातांनी घेतली.

आत एसी जोरात होता. तिघे बाकावर बसले, अजरा टोकाला. मोठ्या काचेतून बाहेर उन्हात उभी असलेली लुमिना दिसत होती. नंबर यायला वेळ होता, म्हणून हमदुल्लानं विचारलं की आता घरी कशी नेणार, जपून ने हं, दुसरा गिअर थोडा हट्टी आहे.

नीरव ओशाळं हसला. “अंकल, ट्रेलर बोलावलाय. माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे.”

“मग?”

“मग काय, कलर, सीट्स, सगळं ओरिजिनल ठेवणार, आय प्रॉमिस. फक्त गिअरबॉक्स काढून ऑटोमॅटिक बसवायचा. शारजात एकाशी बोललोय. क्लचबिच कोण दाबतं आता?”

हमदुल्लाला त्यात काही गैर दिसलं नाही. बरोबर आहे, असं तो म्हणणार होता. गुडघ्यावर हात ठेवून त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

बाकाखाली अजराचा डावा पाय होता. साधी काळी चप्पल, टाचेशी झिजलेली. तो पाय फरशीवर हळूहळू दाबला जात होता, पूर्ण खालपर्यंत, आणि मग तितक्याच सावकाश वर येत होता. पुन्हा खाली. पुन्हा वर. ब्रेक त्या पायाला नसतो, हे हमदुल्लाला माहीत होतं. ब्रेकचा पाय दुसरा. हा क्लचचा.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काचेतून बाहेर बघत होती. तो चेहरा त्यानं आधी पाहिला होता. डबा भरताना, त्यानं लायसन्सचा नाद सोड म्हटलं तेव्हा. डोंगरात, त्यानं जहाजाची गोष्ट सुरू केली तेव्हा. इतकी वर्षं तो त्या चेहऱ्याला काही नाही असं म्हणत आला होता.

मग, कुठून कोण जाणे, त्याला मासळीची पिशवी आठवली. गेल्या महिन्यातल्या रविवारची. निळी पिशवी, तिच्यावर छापलेलं दुकानाचं नाव. ती त्यानंच फ्रीजमध्ये ठेवली होती, नाव वाचलंही होतं. त्यांच्या इमारतीखालचंच दुकान. फुजैरापर्यंत जाऊन यायचं आणि मासळी घराखालून घ्यायची. त्याला आता आठवू लागलं की तशा पिशव्या बऱ्याच होत्या. सुरमई संपली असेल तिकडं, असं त्यानं तेव्हा मनात म्हटलं होतं, किंवा तेवढंही म्हटलं नव्हतं. दीडशे किलोमीटर जायला तिला मासळी लागत नव्हती. त्याला सांगायला लागत होती.

“अजरा,” तो म्हणाला.

तिनं मान वळवली नाही. पाय खाली गेला होता आणि वर येत होता.

काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं, “अजरा हमदुल्ला.”

स्वतःचं नाव ऐकून हमदुल्ला सवयीनं अर्धा उठला. गुडघ्यात कळ आली. मुलगी त्याच्याकडे बघून नम्रपणे म्हणाली, “नो सर. ओनर. मॅडम.”

तो तसाच, बाकाची कड धरून राहिला. अजरा उठली आणि काउंटरपाशी गेली. मुलीनं तिचं आधी जमा केलेलं ओळखपत्र समोर ठेवलं, मुल्किया ठेवली, पेन ठेवलं, कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवलं. “मॅडम, यू आर सेलिंग? ओके?”

मागं नीरव उभा राहिला होता. हमदुल्ला उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि त्याला बोलायचं होतं. थांब म्हणायचं होतं, किंवा सही करू नकोस, किंवा घर तयार आहे, वरून खाडी दिसते. यातलं नेमकं कुठलं, ते ठरत नव्हतं. आणि एकाएकी त्याच्या लक्षात आलं की आता त्यानं बोलायचं नाही. सगळ्या दुबईला सांगून झालेलं ते वाक्य त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. त्यानं ओठ मिटले.

अजरानं पेन उचललं नाही. तिनं ओळखपत्र उचललं आणि पर्समध्ये ठेवलं. मुल्किया उचलली, तिच्यावरच्या स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला आणि तीही ठेवली. मग ती वळली आणि नीरवसमोर येऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केला, तळवा वर. इन्स्ट्रक्टरनं असा हात पुढं केला की विद्यार्थी काय करतात ते नीरवनंही केलं. किल्ली दिली. “आंटी?” तो म्हणाला, आणि मग हमदुल्लाकडे बघू लागला, जणू गोष्टीत पुढं काय होतं हे अंकलनाच माहीत असणार.

हमदुल्ला अजराकडे बघत होता.

अजरा बाकावरची त्याची फाईल तशीच ठेवून पुढं गेली. त्याच्याजवळून जाताना क्षणभर मंद झाली, वळणावर होते तितकीच. तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिथं, विचारणाही नव्हती. काचेचं दार आपोआप उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं, आणि ती लुमिनाच्या दिशेनं बाहेर पडली.